प्रजासत्ताक आले, प्रजासत्ताकवादी कुठे आहेत?



२६ जानेवारीच्या संध्याकाळी बदनापूरला आमच्या अभ्यासवर्गात आम्ही फ्रान्सच्या प्रजासत्ताकाचा विषय घेतला होता. वीस-बावीस मुले-मुली सतरंजीवर बसलेली. विषय सुरू होऊन दहा मिनिटे झाली नाहीत तोच मागून एक पोरगा उठला आणि म्हणाला, "दादा, आमच्या गावात गायरानाच्या नोटिसा आल्यात. आज्याने कसलेली जमीन जायची वेळ आलीय, आन् तुम्ही फ्रान्स काय शिकवायलात?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही त्याला दिलेले उत्तर अपुरे होते, हे घरी जाताना आमचे आम्हालाच जाणवले. म्हणून हा लेख. त्याच्या गायरानाचा आणि फ्रान्सचा संबंध आहे, असे आमचे म्हणणे आहे. तो संबंध नीट समजला नाही तर आपण पुढची पन्नास वर्षे २६ जानेवारीला झेंड्याला सलामी देत राहू आणि २७ जानेवारीला तलाठ्याच्या दारात हात जोडून उभे राहू.

पहिली गोष्ट, फ्रान्स आपल्या चळवळीत आम्ही आणलेला नाही. तो बाबासाहेबांनी आणला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना त्यांनी त्या सभेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. समोर बसलेले लोक कोण होते? कोकणातले, घाटावरचे, बहुतेक निरक्षर, तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून नऊ महिन्यांपूर्वी डोकी फोडून घेतलेले. त्या माणसांना बाबासाहेब सांगत होते की तुमची ही सभा आणि १३८ वर्षांपूर्वी व्हर्सायला भरलेली सभा यांचे काम एकच आहे, जुनी समाजरचना मोडून समतेवर नवी उभी करण्याचे. पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवून ते फ्रान्स सांगत नव्हते. पाण्याचा प्रश्न केवढा मोठा आहे हे कळावे म्हणून सांगत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना. आपल्या महापुरुषांची ही रीत आहे. गावातल्या दुखण्याचा इलाज शोधताना त्यांनी जग पाहिले.

आता आपले तरुण फ्रान्स म्हटले की १७८९ एवढेच जाणतात. बॅस्टिलचा तुरुंग फोडला, राजाचे मुंडके उडवले, स्वातंत्र्य-समता-बंधुता हे शब्द जगाला मिळाले. भाषणाला हे पुरते. पण चळवळ करणाऱ्याने खरे तर १८७० नंतरचा फ्रान्स वाचला पाहिजे. कारण १७८९ च्या क्रांतीनंतर ऐंशी वर्षांत त्या देशात दोन प्रजासत्ताके आली आणि दोन्ही बुडाली. पहिले नेपोलियनने खाल्ले. दुसरे १८४८ साली आले, त्याने २७ एप्रिल १८४८ रोजी आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली, सर्व पुरुषांना मताचा अधिकार दिला. त्याच मतांवर लुई नेपोलियन अध्यक्ष झाला आणि २ डिसेंबर १८५१ ला त्याने ते प्रजासत्ताक गुंडाळून पुढे स्वतःला सम्राट करून घेतले. मताचा अधिकार मिळाला म्हणजे लोकशाही टिकली असे नसते, याचा यापेक्षा चांगला धडा दुसरा नाही.

तिसरे प्रजासत्ताक ४ सप्टेंबर १८७० ला पॅरिसमध्ये जाहीर झाले. गंमत पुढे आहे. फेब्रुवारी १८७१ मध्ये निवडणूक झाली आणि जे सभागृह निवडून आले त्यात बहुमत राजेशाहीवाल्यांचे! नाव प्रजासत्ताक, आणि चालवणारे राजाची वाट पाहणारे. सरदार, जमीनदार, त्यांचे पाठीराखे धर्मगुरू. १८७३ मध्ये अध्यक्ष झाले मार्शल मॅकमहॉन, तेही राजेशाहीचे माणूस. राजा आणायचा तर ठरले होते, पण ज्याला आणायचे तो शॅम्बोरचा काउंट तिरंगा झेंडा स्वीकारायला तयार होईना, त्याला आपल्या घराण्याचा पांढराच झेंडा हवा होता. त्यामुळे राजा आला नाही. ३० जानेवारी १८७५ रोजी 'प्रजासत्ताकाचा अध्यक्ष' हा शब्द कायद्यात बसला तो ३५३ विरुद्ध ३५२ अशा एका मताने. इतिहासकार या काळाला प्रजासत्ताकवाद्यांविना प्रजासत्ताक म्हणतात.

हा शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. प्रजासत्ताकवाद्यांविना प्रजासत्ताक. आपल्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, तहसिलीत तुम्हाला जे दिसते त्याचे याहून नेमके वर्णन आम्हाला तरी सापडले नाही.

मग त्यांनी काय केले? खरे शिकण्यासारखे इथे आहे. गांबेत्तासारखे नेते गावोगाव फिरले. १८७२ साली ग्रेनोबलच्या भाषणात त्याने सांगितले की राजकारणात आता एक नवा सामाजिक थर येत आहे. छोटे दुकानदार, शिक्षक, गावचे डॉक्टर, हातावर कमावून वर आलेली माणसे. १८७७ च्या मे महिन्यात मॅकमहॉनने प्रजासत्ताकवादी पंतप्रधानाला घालवले, सभागृह बरखास्त केले, तरी ऑक्टोबरच्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा प्रजासत्ताकवाद्यांनाच निवडून दिले. जानेवारी १८७९ मध्ये मॅकमहॉनला राजीनामा द्यावा लागला. प्रजासत्ताक जाहीर झाल्यापासून ते प्रजासत्ताकवाद्यांच्या हातात यायला आठ वर्षे पाच महिने लागले.

सत्ता आल्यावर त्यांनी पाच-सहा वर्षांत जे केले त्याची यादी करा. १४ जुलै हा राष्ट्रीय सण ठरवला, १८८० पासून. १८८१ च्या कायद्याने वृत्तपत्रांना स्वातंत्र्य दिले, सभा घ्यायला पूर्वपरवानगीची अट काढली. १८८४ मध्ये कामगार संघटना कायदेशीर केल्या. १८७४ च्या कायद्याने गावचा महापौर, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच, सरकार नेमत असे. १८८२ आणि १८८४ च्या कायद्यांनी पॅरिस सोडून सगळीकडे तो गावाने निवडलेल्या सदस्यांतून निवडायचे ठरले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ज्यूल फेरीचे शाळेचे कायदे. १८८१ ला प्राथमिक शिक्षण मोफत, १८८२ ला सहा ते तेरा वर्षांच्या मुला-मुलींना सक्तीचे, आणि सरकारी शाळेतून धर्मशिक्षण बाहेर. त्याआधी १८७९ मध्येच प्रत्येक जिल्ह्यात मुलींसाठी शिक्षिका घडवणारे विद्यालय असले पाहिजे असा कायदा करून ठेवला होता. म्हणजे शाळा सक्तीची करण्याआधी शिकवणारी माणसे तयार करायची सोय केली.

राजा गेल्याने प्रजासत्ताक होत नाही, हे त्या लोकांना दोनदा मार खाऊन कळले होते. गावचा सरपंच, गावची शाळा, गावातले वर्तमानपत्र आणि गावातली सभा या चार जागा सरदार आणि धर्मगुरूच्या हातातून काढून घेतल्याशिवाय पॅरिसमधला कागद टिकत नाही, हे ते शिकले.

इथे एक तारीख लक्षात ठेवा. फेरीचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मार्च १८८२ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. पुण्यातला एक माळी आणि पॅरिसमधला एक मंत्री एकाच वर्षी एकच गोष्ट बोलत होते. त्यांच्याकडे तो कायदा झाला. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये करून दाखवले. संविधानाने दहा वर्षांत करण्याची दिशा दिली. आणि शिक्षणहक्क कायदा देशभर लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जोतीरावांच्या मागणीनंतर १२८ वर्षांनी! आपले मागासलेपण आपल्या रक्तात आहे म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ही दोन सालं फेकली पाहिजेत.

पण म्हणून फ्रान्सची आरती ओवाळायची आमची तयारी नाही. बाबासाहेबांनीही ती ओवाळली नाही. याच तिसऱ्या प्रजासत्ताकाने मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या हजारो कामगारांना एका आठवड्यात गोळ्या घालून मारले. स्त्रियांना मताचा अधिकार फ्रान्सने दिला १९४४ मध्ये. आपल्या देशातल्या प्रत्येक बाईला, मग ती पाथरवटीण असो की राणी, पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मत मिळाले. आणि ज्या ज्यूल फेरीने गरिबांच्या पोरांना शाळा दिली, त्याच फेरीने जुलै १८८५ मध्ये सभागृहात उभे राहून श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर हक्क असतो असे मांडले. ट्युनिसिया, व्हिएतनाम गिळले ते याच प्रजासत्ताकाने. अल्जेरियात मूळ रहिवाशांसाठी १८८१ साली वेगळे शिक्षेचे नियम केले. घरात समता आणि वेशीबाहेर वेगळा कायदा. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेरच होती.

तिथे कमी काय पडले? बंधुता. भिंतीवर शब्द कोरला होता, मनात नव्हता. म्हणूनच ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपल्या गुरूच्या, तथागत बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. १९२७ मध्ये फ्रान्सचा दाखला देणारे बाबासाहेब १९५४ मध्ये असे का बोलले, याचा विचार आपल्या अभ्यासवर्गांतून व्हायला हवा. आमचे उत्तर असे की फ्रान्सकडून त्यांनी सत्ता बदलण्याची रीत तपासली, आणि माणूस बदलण्याची रीत बुद्धाकडे शोधली. दोन्ही लागतात.

आता आपल्या गावाकडे या.

बदनापूर हे निजामाच्या राज्यातले गाव. आपल्या स्टेशनातून जाणारी ही रेल्वे निजामाच्या काळातली. आज जालना जिल्हा म्हणतो, तो १ मे १९८१ ला झाला, त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तेव्हा आपले आजे-पणजे स्वतंत्र झाले नव्हते. रझाकारांचा जुलूम, त्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा, आणि शेवटी १७ सप्टेंबर १९४८. दरवर्षी आपण मुक्तिसंग्राम दिन पाळतो तो हा. त्या दिवसांत मराठवाड्यात आणि आसपास गरीब मुसलमानांवर जे झाले, त्याची चौकशी करायला नेहरूंनीच पंडित सुंदरलाल समिती पाठवली होती. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. मुक्तीचा दिवस साजरा करताना हेही आठवण्याची हिंमत आपल्यात हवी. पॅरिसच्या कम्यूनला रडायचे आणि उस्मानाबाद-नांदेडकडे पाठ फिरवायची, हे बुद्धाच्या अनुयायाला शोभत नाही.

मग २६ जानेवारी १९५० आला. संविधान लागू झाले. आणि हैदराबाद राज्याचा राजप्रमुख म्हणून शपथ कोणी घेतली? मीर उस्मान अली खान यांनी. होय, निजामानेच! ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत, म्हणजे हैदराबाद राज्य संपेपर्यंत तो राजप्रमुख होता आणि वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखा घेत होता. फ्रान्सला राजेशाहीवादी मार्शल अध्यक्ष मिळाला होता, आपल्याला साक्षात राजाच मिळाला.

कोणी म्हणेल, तो नावापुरता होता. मान्य. वरचा राजा नावापुरताच उरला होता. खालचे राजे मात्र नावापुरते नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला. हे चांगलेच झाले. पण जहागीरदार गेला आणि जागा भरली कोणी? गावचा पाटील, देशमुख, सावकार. टोपी बदलली. काल निजामाच्या अधिकाऱ्याला मुजरा करणारा आज खादीत आला आणि गावात पहिल्यासारखाच बसला. महारवाड्याला सांगितले गेले की आता तुम्ही स्वतंत्र आहात, फक्त विहिरीला हात लावू नका.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधानसभेतल्या शेवटच्या भाषणात बाबासाहेबांनी हेच बजावले होते. २६ जानेवारीला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकत आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, ती लवकर दूर केली नाही तर तिने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उडवून लावतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. हे भाषण आपण सगळे स्टेटसला ठेवतो. पण बाबासाहेबांनी इशारा देऊन हात झटकले नाहीत. पुढच्या वर्षीच, जून १९५० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्यांनी औरंगाबादला सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. मुंबई-पुण्यात नाही, निजामाच्या राज्यात, जिथे सर्वांत जास्त अंधार होता तिथे. सरकार हातात नसताना त्यांनी फेरीचे काम केले. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीचे मास्तर, वकील, कारकून, लेखक नागसेनवनातून निघाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात तो आजोबा आहे.

आणि जमीन? इथेच त्या पोराच्या प्रश्नाकडे यायचे आहे. निजामाच्या राज्यात भाऊसाहेब मोरे यांनी ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यात मकरणपूरला परिषद घेऊन बाबासाहेबांना आणले होते. त्याच मुशीतल्या कार्यकर्त्यांनी १९५३ मध्ये मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केला, शेकडो माणसे तुरुंगात गेली. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह, त्यात लाखोंनी तुरुंग भरले. आज ज्याला कागदावर 'अतिक्रमण' लिहितात, ते आपल्या लोकांचे आंदोलन होते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात ही ती तारीख. काहींच्या नावावर सातबारा झाला. अनेकांचा झाला नाही, कारण अर्ज करायचे कोणी सांगितले नाही, किंवा सांगितले तरी पुरावा जोडता आला नाही. आणि २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचा विषय उच्च न्यायालयात गाजला तेव्हा नोटिसांचा गठ्ठा पहिल्यांदा कोणाच्या दारात पडला हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जातींसाठीच्या अपवादाचा उल्लेख आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

प्रजासत्ताक जाहीर होणे आणि गावात पोचणे यातले अंतर मराठवाड्याने १९७८ मध्ये रक्ताने मोजले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मुंबईत हात वर झाले आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. ठराव व्हायला एक दिवस लागला, नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षे. विधिमंडळ प्रजासत्ताकात होते, गाव नव्हते.

मग आज काय स्थिती आहे? आपला बदनापूर विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. इतक्या वर्षांत या राखीव जागेमुळे आपल्या वस्त्यांतल्या गायरानाच्या किती फायली पुढे सरकल्या, हे तुम्हीच आपापल्या गावात मोजा. आम्ही इथे कोणा एका आमदाराला दोष देत नाही. पुणे कराराने १९३२ मध्ये जी रचना दिली तिच्यात माणूस आपला निवडून येतो, पण त्याला निवडून आणणारी आणि पाडणारी मते इतरांची असतात. मग तो कोणाच्या तोंडाकडे पाहणार? हेही प्रजासत्ताकवाद्यांविना प्रजासत्ताकच.

ग्रामपंचायतीत तर विचारूच नका. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरक्षण दिले, आणि गावाने त्यावर 'बिनविरोध' नावाचे औषध काढले. गावच्या एकीच्या नावाखाली पारावर चार माणसे बसतात आणि राखीव जागेवर कोण 'चालेल' ते ठरवतात. जो बोलत नाही तो चालतो. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी गावात तर पदांचे लिलाव झाले म्हणून राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुकाच रद्द केल्या. हे दोन पकडले गेले. बाकीच्या ठिकाणी काय चालते ते तुम्हाला आणि आम्हाला ठाऊक आहे. आमच्या माहितीतल्या एका गावात आपलीच एक ताई सरपंच आहे. गेल्या स्वातंत्र्यदिनी तिने झेंड्याची दोरी धरली, आणि शेजारून एका 'जाणत्या' माणसाने ती हातातून घेतली. ताई दोन पावले मागे सरकली. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. आपल्या वस्तीतल्या पोरांनीही वाजवल्या. आम्हाला त्या दोरीपेक्षा त्या टाळ्या जास्त लागल्या.

आता कडू बोलतो, राग मानू नका. प्रजासत्ताकवादी नसल्याची तक्रार आपण गावाविरुद्ध करतो, ती आपल्यालाही लागू आहे. ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला जो पक्ष स्थापन झाला त्याचे नाव बाबासाहेबांनी योजले होते, रिपब्लिकन. म्हणजेच प्रजासत्ताकवादी! देशातल्या सगळ्या पक्षांत हे नाव फक्त आपल्याकडे. त्या नावाचे किती तुकडे झाले, ते मोजण्यात आमची एक पिढी गेली. आमच्या स्वतःच्या जयंती मंडळाचे सांगतो. सात वर्षे अध्यक्ष बदलला नव्हता. हिशेब तोंडी. कार्यकारिणीत एकही बाई नाही, आणि भोजनदानाला मात्र सगळ्या बायाच. डीजेला पैसे निघाले, अभ्यासिकेच्या पुस्तकांना 'पुढच्या वर्षी बघू'. आम्हीही त्या कार्यकारिणीत होतो आणि गप्प होतो. फ्रान्सचा इतिहास वाचताना आम्हाला मॅकमहॉन ओळखीचा वाटला तो यामुळेच. पाटलाच्या वाड्यात असतो तसा तो आपल्या मंडळातही असतो. मागच्या वर्षी आम्ही मंडळाची गुप्त मतदानाने निवड घेतली, हिशेब विहाराच्या फळ्यावर लावला, निम्म्या जागा महिलांना दिल्या. भांडणे झाली. दोन जुने कार्यकर्ते सोडून गेले, त्याचे वाईटही वाटते. पण आज खजिनदार एक मुलगी आहे आणि वर्गणी आधीपेक्षा जास्त जमते, कारण लोकांना पैसा दिसतो.

काही साथी म्हणतात, संविधानच धोक्यात असताना तुम्ही ग्रामसभा आणि हिशेबाच्या वह्या काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की लुई नेपोलियनने १८५१ मध्ये प्रजासत्ताक बुडवले तेव्हा गावांमध्ये त्याला आधार देणारी मुळे कोवळी होती. १८७७ मध्ये मॅकमहॉनने तसाच प्रयत्न केला तेव्हा गावोगाव उभे राहणारे लोक तयार झाले होते, म्हणून तो हरला. संविधान दिल्लीत वाचवायचे असेल तर ते आधी बदनापूरच्या वाडी-वस्तीत वापरात असले पाहिजे. जे वापरात नाही ते गेल्याचे कोणाला कळतही नाही.

म्हणून त्या पोराला आणि तुम्हा सर्वांना आमचे सांगणे चार कामांचे आहे.

पहिले, ग्रामसभा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, त्याआधी महिलांची वेगळी सभाही. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. आपल्या वस्तीतले पन्नास लोक लेखी विषय घेऊन सभेत बसले तर सभेचा रंग बदलतो. कागदावर झालेली सभा मात्र मुळीच मान्य करू नका.

दुसरे, शाळा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावेत आणि निम्म्या महिला, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूह शाळा करण्याच्या हालचाली २०२३ पासून सुरू आहेत. वाडीवरची शाळा गेली तर पहिल्यांदा मुलींचे शिक्षण जाते. त्या समितीत आपली माणसे आहेत का, हे आजच पाहा.

तिसरे, गायरान. तलाठ्याकडे गाव नमुना एक-ई असतो, ती अतिक्रमणाची नोंदवही. माहितीच्या अधिकारात त्याची नक्कल काढा. १४ एप्रिल १९९० च्या आधीची नोंद, दंडाच्या पावत्या, पंचनामे, आजोबांच्या नावाचा एखादा जुना कागद, सगळे एका फाईलमध्ये लावा. नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. कागदावर हरलेली जमीन मोर्चाने परत मिळणे फार कठीण.

चौथे, आपले मंडळ. निवड, हिशेब, महिला. जे सरकारकडे मागतो ते आधी घरात.

पुढच्या बुधवारी आम्ही काही जण त्या पोराच्या गावात बसणार आहोत. अकरा कुटुंबांच्या फायली लावायच्या आहेत. त्याची आजी म्हणते, दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आहेत, पण पेटीला वाळवी लागली होती. जे काही उरले असेल ते घेऊन बसू. ज्यांना कागद वाचता येतात अशा पोरा-पोरींनी यावे, येताना कोरे कागद आणि पेन आणावे. फ्रान्सचा उरलेला भाग तिथेच, कामातून उसंत मिळाली की सांगू.

जय भीम, जय संविधान!